सेंट्रीफ्युगलला व्हीएफडी: बास्केट फिरवणं सोपं, थांबवणं अवघड

साखर कारखान्यात ज्यांनी कधी बॉयलिंग हाऊसच्या मागच्या बाजूला उभं राहून बघितलंय त्यांना तो आवाज बरोबर आठवेल, हळूहळू चढत जाणारी घरघर, मग एका सुरात शिट्टीसारखा आवाज, मग परत उतरत उतरत शांत, आणि खाली कन्व्हेयरवर साखर पडल्याचा धप्प आवाज. दर तीन मिनिटांनी हेच. दिवाळीच्या आसपास गव्हाण पूजन झालं की उन्हाळा लागेपर्यंत चोवीस तास हेच चालू. हा आवाज बॅच सेंट्रीफ्युगल मशिनचा, आणि आज जवळपास सगळीकडे त्या आवाजामागे व्हीएफडी असतो, म्हणजे मोटरला जाणाऱ्या विजेची फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज बदलून स्पीड कमी-जास्त करणारा ड्राइव्ह.

व्हीएफडीबद्दल मराठीत जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक पंप आणि फॅनबद्दल असतं. पंपाला ड्राइव्ह लावला, स्पीड कमी केला, वीज वाचली, एवढं सोपं. पण पंपाची सवय लागलेला माणूस सेंट्रीफ्युगलच्या ड्राइव्हला हात लावतो तेव्हा गडबड होते, कारण इथे मोटरवरचा भार अगदी वेगळ्या जातीचा आहे. पंप बंद केला की पाणीच त्याला थांबवतं. सेंट्रीफ्युगलची बास्केट बंद केली तर ती फिरतच राहते, कितीतरी वेळ. तिच्यात जी ऊर्जा भरलीये ती कुठेतरी गेल्याशिवाय ती थांबत नाही. ही एक गोष्ट नीट समजली की ड्राइव्हमधले निम्मे पॅरामीटर आपोआप समजतात, म्हणून आधी तीच समजून घेऊ.

मशिनमध्ये होतं काय ते थोडक्यात. पॅनमध्ये उकळून तयार झालेलं मॅसिक्विट, म्हणजे साखरेचे दाणे आणि मळी यांचा घट्ट रवाळ लगदा, पग मिलमधून, म्हणजे मशिनच्या वरच्या ढवळत्या टाकीतून, बास्केटमध्ये सोडतात. तेव्हा बास्केट साधारण २०० आरपीएमने फिरत असते, म्हणजे माल भिंतीला सारखा बसतो. मग स्पीड १००० किंवा त्याच्या वर नेतात, मळी जाळीतून बाहेर फेकली जाते, मधे पाण्याचा फवारा मारून दाणे धुतात, थोडा वेळ त्याच स्पीडला सुकवतात, मग ब्रेक, आणि ५०-६० आरपीएमवर आणून प्लाउने साखर खरवडून खाली पाडतात. जाळी धुवायची आणि परत चार्ज, म्हणजे नवा माल भरायचा.

आता आकडे. मोठं मशिन घेऊ, एका चार्जला १७५० किलो घेणारं, बास्केटचा व्यास साधारण १.६ मीटर. बास्केट आणि माल मिळून इनर्शिया (फिरणाऱ्या वस्तूचा वेग बदलायला होणारा विरोध) हिशोबाला सोपा जावा म्हणून १२०० किलो-मीटर वर्ग धरू (तुमच्या मशिनचा खरा आकडा मेकरकडून घ्या, तो घेतल्याशिवाय ड्राइव्ह निवडूच नका). १००० आरपीएमला यात किती ऊर्जा साठते? अर्धा गुणिले इनर्शिया गुणिले कोनीय वेगाचा वर्ग, म्हणजे जवळपास ६.६ मेगाज्यूल. नुसता आकडा ऐकून काही वाटत नाही, पण १७ टनाचा भरलेला ट्रक ताशी १०० किलोमीटरने पळत असेल तर त्याच्यात साधारण एवढीच ऊर्जा असते. बास्केटची कड तेव्हा ताशी ३०० किलोमीटरने फिरत असते आणि भिंतीवरच्या साखरेच्या दाण्याला स्वतःच्या वजनाच्या जवळपास ९०० पट दाब बसत असतो. आणि हा ट्रक तुम्ही दर तीन मिनिटांनी शंभरवर नेताय आणि परत जवळपास उभा करताय, दिवसातून चारशेवर वेळा.

खंबाटकी घाट उतरताना ड्रायव्हर नुसत्या ब्रेकवर गाडी सोडत नाही, खालचा गिअर टाकून उतरतो, कारण नुसता ब्रेक दाबला तर लायनर तापून जळतात. चढताना इंजिनाने जी ताकद लावून गाडी वर आणली ती उतरताना कुठेतरी जायला पाहिजे. जुन्या मशिनवर हेच व्हायचं. काही ठिकाणी दोन-तीन स्पीडच्या, पोल बदलणाऱ्या मोटरी होत्या, काही ठिकाणी डीसी मोटर आणि थायरिस्टर ड्राइव्ह. पोल बदलणाऱ्या मोटरीत स्पीडच्या पायऱ्या ठरलेल्या, झटका जोरात, आणि शेवटचा टप्पा मेकॅनिकल ब्रेकवर, त्याचे लायनर सीझनमध्ये बदलावे लागायचे. डीसीत स्पीडचा कंट्रोल चांगला होता पण कार्बन ब्रश आणि कम्युटेटर, आणि त्या दमट, मळीने चिकट झालेल्या वातावरणात ब्रशची निगा राखणं म्हणजे कायमची डोकेदुखी. एसी मोटर आणि व्हीएफडी आल्यावर हे दोन्ही प्रश्न सुटले, पण ऊर्जा परत कुठे घालवायची हा प्रश्न तसाच राहिला, फक्त लायनरवरून ड्राइव्हच्या डीसी बसवर (आत आलेली एसी वीज डीसी होऊन जिथे साठते तो मधला भाग) आला.

आता ड्राइव्हकडे येऊ.

पहिलं काम मोटरच्या नेमप्लेटवरचे आकडे ड्राइव्हमध्ये भरणं. व्होल्टेज, करंट, फ्रिक्वेन्सी, आरपीएम, पॉवर फॅक्टर. हे इतकं साधं आहे की इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. बऱ्याच ड्राइव्हमध्ये फॅक्टरी सेटिंग ६० हर्ट्झ असतं, कारण ते अमेरिकेच्या बाजारासाठी ठेवलेलं. आपली मोटर ४१५ व्होल्ट ५० हर्ट्झची. बेस फ्रिक्वेन्सी ६० राहून गेली तर मोटरला एका हर्ट्झमागे ८.३ व्होल्ट मिळायच्या ऐवजी ६.९ मिळतात, मोटरमधला चुंबकीय फ्लक्स १७ टक्के पडतो, मोटरची जास्तीत जास्त टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, द्यायची ताकद जवळपास तीस टक्क्यांनी खाली येते, आणि मग लोक म्हणतात मोटर गरम होतेय, उचलत नाहीये, मोटर रिवाइंडिंगला पाठवा. आणि त्याहून वाईट म्हणजे मॅक्सिमम फ्रिक्वेन्सी ६० राहिली तर. सहा पोलची मोटर ५० हर्ट्झला १००० आरपीएम, ६० ला १२००. ऐकायला वीसच टक्के जास्त, पण बास्केटच्या भिंतीवरचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ४४ टक्के जास्त. बास्केटवर मेकरने जो कमाल स्पीड कोरलेला असतो तो मालाच्या घनतेचा आणि स्टीलचा हिशोब करून कोरलेला असतो. म्हणून मी कुठल्याही मशिनवर गेलो की नेमप्लेट भरून झाल्याबरोबर सगळ्यात आधी मॅक्सिमम फ्रिक्वेन्सी आणि मॅक्सिमम स्पीड लॉक करतो, बाकीचं नंतर.

आणि हे पण, ओव्हरस्पीडचं संरक्षण फक्त ड्राइव्हच्या भरवशावर सोडायचं नाही. वेगळा प्रॉक्सिमिटी सेन्सर, वेगळा स्पीड रिले, त्याची वेगळी वायरिंग. कारण एन्कोडरची (मोटरचा खरा वेग मोजून ड्राइव्हला कळवणारा सेन्सर) वायर तुटली किंवा कपलिंग सैल झालं तर ड्राइव्हला वाटू शकतं की मोटर फिरतच नाहीये, आणि तो बिचारा सेटपॉइंट गाठायला टॉर्क ओतत बसतो. चांगल्या ड्राइव्हमध्ये एन्कोडर फॉल्ट ओळखायची सोय असते, ती चालू आहे का हे बघाच, पण तिच्यावर जीव टांगू नका.

मग ऑटोट्यून. ड्राइव्ह मोटरला थोडा करंट देऊन तिचा रेझिस्टन्स, इंडक्टन्स वगैरे स्वतः मोजतो. याचे दोन प्रकार, मोटर फिरवून आणि मोटर उभी ठेवून. फिरवून केलेलं जास्त अचूक येतं पण त्यासाठी मोटर बास्केटपासून सुटी पाहिजे, जोडलेली असेल तर मोजमाप चुकतं. म्हणून ऑफ सीझनमध्ये ओव्हरहॉलिंगला कपलिंग उघडलेलंच असतं तेव्हा हे करून घ्यायचं. सीझनमध्ये मोटर बदलावी लागली आणि घाई असेल तर उभ्या मोटरवरचं ट्यूनिंग चालतं, पण ट्यूनिंगच न करता जुन्या मोटरचे आकडे नव्या मोटरला चालवू नका.

कंट्रोल मोड कुठला? पंपाला साधा व्ही बाय एफ, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात व्होल्टेज देणं, पुरतो. इथे मी वेक्टर कंट्रोल (टॉर्क मोजूनमापून देणारा) आणि तो सुद्धा एन्कोडर लावूनच घ्या म्हणेन, आणि त्याचं कारण प्लाउ आहे. प्लाउ करताना बास्केट ६० आरपीएमला, म्हणजे सहा पोलच्या मोटरला फक्त ३ हर्ट्झ. लोड आला की मोटर अर्धा-पाऊण हर्ट्झ स्लिप खाते, म्हणजे तेवढी मागे पडते. ५० हर्ट्झवर अर्धा हर्ट्झ म्हणजे काहीच नाही, पण ३ हर्ट्झवर तेच सहावा हिस्सा झालं. फीडबॅक नसेल तर प्लाउ साखरेत घुसल्यावर स्पीड पडतो, बाहेर आल्यावर वाढतो, असं हिसके देत चालतं. प्लाउचं पातं आणि जाळी यांच्यात अंतर किती कमी असतं ते ज्याने फाटलेली जाळी बदललीये त्याला विचारा.

आता मुख्य भाग, रॅम्प. स्पीड किती सेकंदात चढवायचा.

वरच्याच मशिनचा हिशोब पुढे नेऊ. २०० वरून १००० ला ६० सेकंदात जायचं असेल तर सतत साधारण १६८० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. टॉर्क तोच राहिला तरी स्पीड वाढेल तशी पॉवर वाढत जाते, वर पोचता पोचता १७५ किलोवॅटच्या आसपास. तेच ४० सेकंदात करायचं म्हटलं की टॉर्क दीडपट, २५०० च्या वर, आणि टोकाची पॉवर २६० किलोवॅट. म्हणजे प्रत्येक चार्जमागे वाचवलेल्या वीस सेकंदांची किंमत मोटर, ड्राइव्ह, केबल, ट्रान्सफॉर्मर सगळ्यांना मोजावी लागते. चीफ केमिस्टला तासाला जास्त चार्ज हवे असतात, ते त्याच्या जागी बरोबरच आहे, पण रॅम्प नुसता कीपॅडवर कमी करून ते होत नाही, हा हिशोब समोर ठेवून बोलायला पाहिजे.

इथे एक बारीक गोम आहे जी मॅन्युअलमध्ये एका ओळीत लिहिलेली असते आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटते. बऱ्याच ड्राइव्हमध्ये ऍक्सिलरेशन टाइम म्हणजे शून्यापासून मॅक्सिमम फ्रिक्वेन्सीपर्यंतचा वेळ, तुमच्या दोन स्पीडमधला वेळ नाही. तुम्हाला २०० ते १००० ला ६० सेकंद पाहिजेत आणि मॅक्सिमम १००० च्या स्पीडला सेट आहे, तर २०० ते १००० हा एकूण प्रवासाचा ८० टक्के भाग झाला, म्हणजे पॅरामीटरमध्ये ७५ सेकंद टाकायचे. ६० टाकले तर प्रत्यक्षात ४८ सेकंदात चढवायचा प्रयत्न होणार आणि करंट लिमिटला जाऊन आपटणार. आणि उद्या कुणी मॅक्सिमम फ्रिक्वेन्सी बदलली तर तुमचे सगळे रॅम्प कुणाला न कळता बदलले.

रॅम्पच्या जोडीला टॉर्क लिमिट. माझी पद्धत अशी, रॅम्प असा ठेवायचा की नेहमीच्या चार्जला ड्राइव्ह लिमिटच्या थोडा खालीच राहील, आणि जड चार्ज आला तर टॉर्क लिमिट आपोआप रॅम्प लांबवेल, ट्रिप न होता. फक्त पीएलसीच्या (मशिनचा क्रम चालवणारा कंट्रोलर) प्रोग्रॅममध्ये फवारा आणि स्पिनचे टाइमर वेळेवर नाही तर खऱ्या स्पीडवर सुरू व्हायला पाहिजेत, नाहीतर बास्केट अजून ८०० ला आणि पाणी आधीच मारून मोकळं, अशी साखर ओली पडते आणि मग पुढे ग्रेडरवर (साखर चाळून प्रतवारी करतात तिथे) सगळे ओरडतात.

ड्राइव्हचा साइझ निवडताना अजून एक फसगत होते. कॅटलॉगमध्ये लिहिलेलं असतं, हेवी ड्यूटी, १५० टक्के ओव्हरलोड ६० सेकंद. वाचून बरं वाटतं. पण त्याच ओळीत पुढे असतं दर ५ मिनिटांतून एकदा, काही कंपन्यांचं १० मिनिटांतून एकदा. आपलं अख्खं सायकलच तीन मिनिटांचं, आणि त्यात चढताना आणि उतरताना दोन्हीकडे ओढ. त्यामुळे सगळ्या टप्प्यांचा टॉर्क आणि सेकंद मांडून आरएमएस, म्हणजे वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ, काढायचा. वरच्या मशिनला २५ सेकंद चार्ज, ६० सेकंद चढ, २० सेकंद स्पिन, ४५ सेकंद ब्रेक, ३० सेकंद प्लाउ आणि धुणं धरलं तर आरएमएस टॉर्क १४८० न्यूटन-मीटरच्या आसपास येतो. १६० किलोवॅटची सहा पोल मोटर साधारण १५६० देते, म्हणजे मोटर कशीबशी बसली, पण ब्रेक करताना (मळी निघून गेल्याने तोवर इनर्शिया थोडी कमी झालेली असते) टॉर्क २२०० कडे जातो म्हणून ड्राइव्ह मात्र एक-दोन साइझ मोठाच घ्यावा लागतो. त्यात पॅनेल रूमचं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की ड्राइव्हची क्षमता अजून कमी धरायची, आणि आपल्याकडे मार्चमध्ये बॉयलिंग हाऊसजवळ ४० म्हणजे थंडी. बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, बारीक धूळ फिल्टरमध्ये अडकून पंख्याची हवा बंद होते ते वेगळंच.

आता उतार. याच्यासाठीच मी एवढं सगळं लिहीत बसलोय.

ब्रेक करताना ड्राइव्ह फ्रिक्वेन्सी खाली आणतो, बास्केट मात्र वरच्याच वेगाने फिरत असते, त्यामुळे मोटर जनरेटर होते आणि वीज उलटी ड्राइव्हमध्ये यायला लागते. साध्या ड्राइव्हच्या पुढच्या भागात डायोड असतात, ते वीज फक्त आत घेतात, बाहेर लाइनला सोडत नाहीत. मग ती ऊर्जा मधल्या डीसी बसच्या कपॅसिटरमध्ये साठायला लागते आणि बसचं व्होल्टेज चढतं. ४१५ व्होल्ट सप्लायला नेहमीचा बस साधारण ५८७ व्होल्ट, आणि या क्लासचे ड्राइव्ह साधारण ८०० च्या आसपास ओव्हरव्होल्टेजला ट्रिप मारतात. मध्ये जागा आहे दोनशे व्होल्टची, आणि येतोय पाच-सहा मेगाज्यूल. कपॅसिटर ती क्षणात भरतात.

सगळ्यात स्वस्त उपाय ब्रेकिंग चॉपर आणि रेझिस्टर. बस ठरावीक व्होल्टेजच्या वर गेला की चॉपर उघडतो आणि ऊर्जा रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जाते. इथे रेझिस्टरचे दोन आकडे बघायचे आणि दोन्ही वेगळे. एक, त्या क्षणाची सगळ्यात मोठी पॉवर, आपल्या मशिनला ४५ सेकंदात थांबवायचं तर ब्रेकच्या सुरुवातीलाच २०० किलोवॅटच्या वर, आणि त्यावरून ओहम ठरतात. ओहम जास्त घेतले तर रेझिस्टर तेवढी पॉवर ओढूच शकत नाही आणि बस वर जातो, फार कमी घेतले तर चॉपरचा करंट मर्यादेबाहेर जातो. दुसरा, सतत पडणारी सरासरी, दर तीन मिनिटांनी साधारण साडेपाच मेगाज्यूल म्हणजे ३० किलोवॅट. हे ३० किलोवॅट चोवीस तास. क्रेनसाठी विकला जाणारा दहा टक्के ड्यूटीचा रेझिस्टर इथे लावला तर तो लाल होतो, मी लाल झालेला बघितलाय.

आणि रेझिस्टर लावला असेल तर ड्राइव्हचं ओव्हरव्होल्टेज कंट्रोल बहुतेक कंपन्यांच्या ड्राइव्हमध्ये बंद करावं लागतं. हे फंक्शन बस चढला की स्वतःहून रॅम्प लांबवतं, ट्रिप टाळायला. रेझिस्टर नसलेल्या फॅनला ते वरदान आहे, पण रेझिस्टर असताना ते चालू राहिलं तर चॉपर काम सुरू करायच्या आतच रॅम्प लांबतो. रेझिस्टर थंडगार, बास्केट थांबायला दुप्पट वेळ, आणि ट्रिप मात्र एकही नाही, त्यामुळे कुणाला काही कळत नाही.

एका कारखान्यात रात्रपाळीला मला बोलावलं होतं. एक मशिन ब्रेक करताना सारखं ओव्हरव्होल्टेजला ट्रिप होत होतं, शिफ्टच्या वायरमनने डिसेल टाइम, म्हणजे थांबायला दिलेला वेळ, ४५ वरून ९० सेकंद केला, ट्रिप बंद झाली, सगळे खूश. दोन दिवसांनी पग मिल भरून वाहायला लागली, वर पॅन रिकामे करायला जागा नाही, कुणाला कारण सापडेना. हिशोब केला तर सायकल १८० सेकंदांवरून २२५ झालं होतं, म्हणजे तासाला २० चार्जच्या जागी १६. छतावर जाऊन रेझिस्टरचा पिंजरा उघडला तर समांतर जोडलेल्या बँकांपैकी एकीचं लग जळून सुटलेलं. ओहम वाढले होते, पॉवर ओढली जात नव्हती, बस चढत होता. लग बदललं, टाइम परत ४५, संपलं. त्या पोराची चूक नव्हती, त्याने मशिन चालू ठेवलं, पण ओव्हरव्होल्टेज ट्रिप आली की पॅरामीटरला हात लावायच्या आधी रेझिस्टर मोजा, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पण ३० किलोवॅट नुसते छतावर तापवायचे, ते सुद्धा प्रत्येक मशिनमागे, हे मनाला पटत नाही. कर्जत-लोणावळा घाट उतरताना इलेक्ट्रिक इंजिन वीज परत वरच्या तारेत ढकलू शकतं, ती दुसऱ्या चढणाऱ्या गाडीला कामी येते. कारखान्यात हेच दोन पद्धतीने करतात. एक म्हणजे कॉमन डीसी बस. चार-पाच मशिन ओळीत असतात, त्यांचे डीसी बस एकत्र जोडायचे, एक उतरत असेल तेव्हा दुसरं चढत असेल तर ऊर्जा थेट इकडून तिकडे. यासाठी पीएलसीत मशिनच्या सुरुवातीच्या वेळा अशा हलवायच्या की दोन मशिन एकाच वेळी चढणार नाहीत आणि एकाच वेळी उतरणार नाहीत. हे मला सगळ्यात सुंदर वाटतं, कारण यात लाइनवरचा झटका पण कमी होतो. दुसरी पद्धत ऍक्टिव्ह फ्रंट एंड, डायोडच्या जागी ट्रान्झिस्टर, जे वीज परत लाइनला देतात. महाग आहे, पण त्याने हार्मोनिक्स, म्हणजे लाइनच्या विजेत मिसळणाऱ्या मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतल्या लाटा, सुद्धा कमी होतात. साध्या सहा पल्सच्या, म्हणजे सहा डायोडच्या, ड्राइव्हमुळे पाचवा-सातवा हार्मोनिक लाइनवर येतो, आणि त्याच ट्रान्सफॉर्मरवर पॉवर फॅक्टरचं कपॅसिटर पॅनेल असेल तर रेझोनन्स होऊन कपॅसिटर फुगतात. ज्या कारखान्यात कोजन, म्हणजे बगॅस जाळून वीजनिर्मिती, आहे तिथे वाचलेलं युनिट ग्रिडला विकता येतं, त्यामुळे हिशोब लवकर बसतो.

ऍक्टिव्ह फ्रंट एंड लावताना एक विचार आधीच करून ठेवायचा. लाइनच गेली तर वीज परत द्यायची कुठे? बास्केट १००० ला आहे आणि कारखान्याचं वीज बनवणारं टर्बाइन ट्रिप झालं, आता समोर घेणारा कुणी नाही. म्हणून अशा ठिकाणी सुद्धा मेकॅनिकल ब्रेक किंवा एखादा बॅकअप रेझिस्टर ठेवतात, तो काढून टाकायचा मोह टाळा.

लाइन जाण्यावरून अजून दोन सेटिंग. थोडा वेळ डिप आला तर बास्केटमधलीच ऊर्जा वापरून बस जिवंत ठेवायची सोय असते, कायनेटिक बफरिंग म्हणतात, ती चालू ठेवा, एवढी इनर्शिया असलेल्या लोडला ती फार छान काम करते. आणि फ्लाइंग स्टार्ट. ट्रिप होऊन बास्केट मोकळी फिरतेय, ऑपरेटरने रिसेट करून स्टार्ट दाबलं, ड्राइव्हने शून्य हर्ट्झपासून सुरुवात केली तर फिरत्या मोटरला तो अचानक रोखायला जातो आणि ओव्हरकरंट किंवा ओव्हरव्होल्टेजला परत ट्रिप. फ्लाइंग स्टार्ट चालू असला की ड्राइव्ह आधी मोटरचा खरा वेग शोधतो आणि तिथूनच पकडतो.

हादऱ्यांबद्दल थोडं. ही मशिन वरून लटकलेली असतात, रबर बफरवर, त्यामुळे बास्केट थोडी डोलते आणि कमी स्पीडला एक पट्टा असा असतो जिथे डोलणं वाढतं. ड्राइव्हमध्ये स्किप फ्रिक्वेन्सी असते, तो पट्टा तिथे टाकायचा म्हणजे ड्राइव्ह त्या स्पीडला थांबून राहत नाही, नुसता ओलांडून जातो. चार्जिंग स्पीड त्या पट्ट्याच्या जवळ ठेवू नका. माल एका बाजूला बसला आणि व्हायब्रेशन स्विच पडला तर स्पीड वाढवून बघायचं नाही, ब्रेकच.

मोटरला स्वतंत्र ब्लोअर पाहिजे, कारण प्लाउच्या स्पीडला शाफ्टवरचा पंखा हवाच देत नाही. वाइंडिंगमधला थर्मिस्टर ड्राइव्हला जोडा, मागच्या बाजूचं बेअरिंग इन्सुलेटेड घ्या, केबल शील्डवाली. हे सगळं कोटेशनमध्येच लिहून घ्यावं, नंतर भांडण नको.

दूध संघातला क्रीम सेपरेटर किंवा सांडपाण्याचा डिकँटर हेही सेंट्रीफ्यूजच, पण तिथे दर तीन मिनिटांनी चढ-उतार नाही. एकदा चढवलं की तासन्‌तास त्याच वेगाने. त्यामुळे तिथे ड्राइव्ह लहान घेऊन रॅम्प दहा-पंधरा मिनिटांचा ठेवला तरी चालतो, आणि थांबवायलाही बऱ्याचदा मोकळं सोडतात. डिकँटरमध्ये मात्र आतल्या स्क्रूची मोटर बऱ्याच रचनांमध्ये सतत ब्रेकवर असते, म्हणून दोन्ही ड्राइव्हचे डीसी बस एकत्र जोडतात. तत्त्व एकच, सेटिंग वेगळी. साखरेच्या मशिनचं पॅरामीटर शीट डेअरीत नेऊन टाकू नका.

सुरक्षेबद्दल मी हात जोडून सांगतो. ड्राइव्हवर एसटीओ (सेफ टॉर्क ऑफ) नावाचं टर्मिनल असतं, ते दिलं की मोटरचा टॉर्क बंद होतो. टॉर्क बंद झाला म्हणजे बास्केट थांबली असं नाही, उलट आता तिला थांबवणारा ड्राइव्हच झोपला, ती तशीच फिरत राहणार. म्हणून इमर्जन्सी स्टॉपला आधी ड्राइव्हने ब्रेक करून खाली आणायचं आणि मग एसटीओ, अशी रचना लागते. झाकणाचं इंटरलॉक ड्राइव्हच्या झिरो स्पीड सिग्नलवर नको, शाफ्टवरच्या वेगळ्या सेन्सरवर पाहिजे. सेंट्रीफ्यूजच्या सुरक्षेसाठी युरोपात ईएन १२५४७ हे वेगळं स्टँडर्ड आहे, मशिन घेताना मेकरला त्याबद्दल विचारा. आणि एसटीओ दिल्यावरही ड्राइव्हच्या टर्मिनलवर व्होल्टेज असतं, मेन बंद करून मॅन्युअलमध्ये लिहिलेली मिनिटं थांबून, मीटरने डीसी बस मोजूनच आत हात घालायचा.

पहिल्यांदा चालवताना बास्केट रिकामी ठेवा, २०० ला नेऊन थांबा, मग ५००, मग पूर्ण स्पीड, प्रत्येक वेळी ब्रेक करून बसचं व्होल्टेज किती चढलं ते लिहा. मग अर्धा चार्ज, मग पूर्ण. एक तास पूर्ण सायकल चालवल्यावर रेझिस्टरचं तापमान आणि मोटरचं तापमान घ्या, कारण पहिल्या पाच चार्जला सगळंच छान चालतं, उष्णता साठायला वेळ लागतो. मग सगळे पॅरामीटर कीपॅडमध्ये कॉपी करून घ्या, एक प्रिंट काढून तारीख टाकून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा, आणि त्या प्रिंटवर रेझिस्टरचे ओहम पेनाने लिहून ठेवा, थंड असताना मोजलेले.